सोयाबीनच्या दुधाचा नाश्ता

मागच्या रविवारी आम्ही कॉलेजचे चौघं पोहे हाणत बसलो होतो आणि विषय निघाला सेमीकंडक्टरचा. २०२१ साली केंद्र सरकारने ७६,००० कोटींची योजना आणली, फॅबचा म्हणजे चिपच्या कारखान्याचा निम्मा खर्च सरकार उचलणार. एकजण म्हणाला, "टॅक्स आपण भरायचा आणि पैसे कंपन्यांना?" दुसरा म्हणाला, "अरे, तैवानने हेच केलं ना!" मी गप्प. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी नोकरी जावाची, तैवानने नक्की काय केलं ते कुठे माहीत होतं? मग हा शनिवार वाचण्यात घालवला.

गंमत म्हणजे ती गोष्टही नाश्त्यापासूनच सुरू होते. ७ फेब्रुवारी १९७४, तैपेईतलं सोयाबीनचं दूध मिळणारं एक साधं दुकान. टेबलाभोवती सात माणसं. त्यांत अर्थव्यवहार मंत्री सुन युन-स्वान आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन. पान म्हणाले, आयसी बनवायला शिका. वेळ किती? चार वर्षं. पैसे? एक कोटी डॉलर. मंत्र्यांनी होकार दिला.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. १९७६ साली आरसीएशी करार झाला. तंत्रज्ञान ७ मायक्रॉनचं, तेव्हाच्या मानानेही जुनंच. पण करारात प्रशिक्षणही होतं. इट्री या सरकारी संशोधन संस्थेचे तरुण इंजिनिअर आरसीएच्या कारखान्यांत जाऊन बसले. कोणी डिझाइन शिकलं, कोणी प्रोसेस, कोणी टेस्टिंग. १९७७ मध्ये सिंचूला छोटा कारखाना उभा राहिला, घड्याळाच्या चिप्स बनवणारा. थोड्याच काळात तिथे चांगल्या निघणाऱ्या चिप्सचं प्रमाण खुद्द आरसीएच्या पुढे गेलं. गुरूची विद्या गुरूला!

त्यातूनच १९८० मध्ये यूएमसी निघाली आणि १९८७ मध्ये मॉरिस चँग यांची टीएसएमसी. तिचं जवळपास निम्मं भांडवल सरकारचं, २७ टक्क्यांच्या आसपास फिलिप्सचं, आणि उरलेल्यासाठी स्थानिक उद्योगपतींना अक्षरशः गळ घालावी लागली. नाश्त्याला तेरा वर्षं झाली तरी खाजगी पैसा आपणहून येत नव्हता! हे आमच्या पोह्यांच्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं.

आणि आपण? आपण काही झोपलो नव्हतो. मोहालीची सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९८४ पासून चिप्स बनवत होती, म्हणजे टीएसएमसीच्या तीन वर्षं आधी. १९८९ साली तिथे आग लागली आणि फॅब जळाली. तारीख ७ फेब्रुवारी. (हो, मीही दोनदा वाचलं.) पुन्हा उभं राहण्यात वर्षं गेली. २००६ मध्ये ती अंतराळ विभागाकडे गेली.

पण सगळं खापर आगीवर फोडणं मला पटत नाही. सिंचूमध्ये एक इमारत जळाली असती तरी शिकलेली माणसं चार ठिकाणी पसरलेली होती. आपलं बरंचसं एकाच छपराखाली होतं. म्हणून आता धोलेऱ्याला टाटांचा कारखाना तैवानच्याच पीएसएमसीच्या मदतीने होतोय म्हटल्यावर मला कोटींपेक्षा तिथे किती पोरं शिकायला जाणार यातच जास्त रस आहे.

आमच्या चौघांतली एक मैत्रीण व्हीएलएसआयमध्ये खरंच हुशार होती. सध्या बँकेच्या ॲपचं टेस्टिंग करते. तिला हे सगळं लिहून पाठवलं तर रिप्लाय आला, "ते राहू दे. तिकडे ट्रेनी घेतायत का ते बघ."