शरीर, बुद्धी आणि मन : नांदेड-लातूर भागातील पौगंडावस्थेचा इतिहास

जागतिक आरोग्य संघटना वयाच्या दहाव्या ते एकोणिसाव्या वर्षांच्या काळाला पौगंडावस्था म्हणते. परंतु या काळात शरीरात होणारे बदल सर्वत्र जवळपास सारखे असले, तरी समाज त्या वयाच्या मुलामुलींकडून कोणत्या अपेक्षा ठेवतो, हे प्रदेशागणिक आणि काळागणिक बदलत आले आहे. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास पाहिला, तर या वयाविषयीचे दोन समज विशेष प्रभावी ठरलेले दिसतात. शरीराची वाढ झाली की मनाचीही वाढ झाली, हा पहिला समज असून बालविवाहाची रूढी त्याच्या आधाराने टिकली. बुद्धीची वाढ झाली की मनाचीही वाढ झाली, हा दुसरा समज असून ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी शिक्षणपद्धती आणि तिच्याभोवती वाढलेला शिकवण्यांचा व्यवसाय त्याच्या आधाराने उभा राहिला. हे दोन समज वेगवेगळ्या काळांत रुजले असले तरी त्यांच्या मुळाशी असलेली चूक एकच आहे, आणि ती म्हणजे भावनिक प्रगल्भतेला स्वतंत्र वेळ लागतो ही गोष्ट हिशेबातच न धरणे.

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील ग्रामीण जीवनात बालपण आणि प्रौढपण यांच्या मध्ये स्वतंत्र असा टप्पा फारसा नव्हता. मुलगा प्रथम गुरे राखी, मिसरूड फुटण्याच्या सुमारास औत धरी आणि घरची जमीन नसेल तर सालगडी म्हणून, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारा गडी म्हणून, दुसऱ्याच्या शेतावर राहत असे. मुलीच्या बाबतीत सीमारेषा अधिक ठळक होती. लग्न बहुधा लहानपणीच झालेले असे आणि न्हाण आले, म्हणजे पहिली मासिक पाळी आली, की तिला मखरात बसवून, ओटी भरून, तिच्या सासरी जाण्याची तयारी सुरू होई. मुलगी ‘थोराड दिसते’ एवढे कारण तिला संसाराच्या योग्य ठरवण्यास पुरेसे मानले जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि १९२९ चा शारदा कायदा यांवर मोठे वाद झाले. पण हे कायदे संस्थानी प्रजेला आपोआप लागू नव्हते, आणि त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत मुलीच्या वयाविषयी जी चर्चा अनेक वर्षे चालली तिचा कायदेशीर परिणाम मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत फार उशिरा पोहोचला.

ही रूढी केवळ अज्ञानातून टिकली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यामागे अर्थव्यवहारही होता आणि तो आजही आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून दर हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’वर देतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे मुलाचे लग्न लवकर झाले की घरात एक कोयता वाढतो, तर सहा महिने घर सोडून जाणाऱ्या आईबापांना वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्यापेक्षा तिचे हात पिवळे करणे सुरक्षित वाटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. ‘पोरगी समजूतदार आहे, सांभाळून घेईल’ हे वाक्य या व्यवहारात वारंवार ऐकू येते. परंतु त्या समजूतदारपणाचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की मुलगी आपली भीती बोलून दाखवत नाही.

पौगंडावस्थेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यातूनही एक नवा गैरसमज पसरला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विखंडी ग्रंथात या वयाचे वर्णन वादळाचा आणि ताणाचा काळ असे केले, आणि हे वादळ अटळ असते ही कल्पना जगभरच्या शिक्षकवर्गात रुजली. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील मुलींविषयीच्या पुस्तकात त्या कल्पनेला आव्हान दिले. मीड यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाला, तरी डॅनियल ऑफर यांच्यासारख्या संशोधकांनी १९६० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत बहुसंख्य मुले हे वय कोणत्याही मोठ्या पडझडीशिवाय पार करतात, असेच आढळले. या निष्कर्षाला व्यवहारात फार महत्त्व आहे. वादळ अटळ मानले, की दीर्घकाळ उदास राहणारे, जेवण-झोप बिघडलेले मूल ‘या वयात असेच असते’ म्हणून दुर्लक्षिले जाते आणि वेळेवर मिळू शकणारा उपचार लांबतो.

बंडखोरी म्हणजे बिघाड, हा समजही याच प्रदेशाच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी ती झुगारली, त्यांची नावे विद्यापीठातून काढण्यात आली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी हाताखालच्या मुलांना निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते म्हणून घडवले. एरिक एरिक्सन यांनी पुढे अस्मितेचा शोध, म्हणजे ‘मी कोण आणि कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची धडपड, हे या वयाचे मुख्य मानसिक कार्य असल्याचे मांडले. मराठवाड्यातील त्या पिढीला ते उत्तर शोधण्यासाठी एक मोठे सामाजिक ध्येय मिळाले होते आणि त्यांच्या अवज्ञेला वडीलधाऱ्यांतील काहींचा आधारही होता.

भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, संस्थान भारतात विलीन झाले आणि शिक्षणाची दारे वेगाने उघडू लागली. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज, लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. शेतकऱ्याचा आणि मजुराचा मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी औताऐवजी वर्गात बसू लागला, आणि बालपण व प्रौढपण यांच्यामध्ये या भागात पूर्वी नसलेला एक मोकळा कालखंड निर्माण झाला. पौगंडावस्था सामाजिक अर्थाने येथे अस्तित्वात आली ती अशी, शाळा-महाविद्यालयांच्या वाढीतून.

तो मोकळा कालखंड भरून काढण्याचे काम पुढे परीक्षेने केले. महाराष्ट्रात १९८३ नंतर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असल्यामुळे एकेका गुणाला मोल आले, आणि उद्योगधंदे फारसे नसलेल्या, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मराठवाड्यात डॉक्टर किंवा इंजिनिअर होणे हाच गरिबीतून बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग ठरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी अनिरुद्ध जाधव यांच्या काळात जी पद्धत आकाराला आली तिची सूत्रे साधी होती : अभ्यासक्रम मुदतीच्या आधी संपवणे, सुट्ट्यांतही वर्ग घेणे, पुनःपुन्हा सराव परीक्षा घेणे आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याची चूक त्याला दाखवून देणे. ग्रामीण मुलांना मुंबई-पुण्याच्या मुलांच्या बरोबरीने आणणारा हा प्रयत्न प्रामाणिक होता, आणि त्याचे यश बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दिसू लागताच तो ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठीची देशपातळीवरील ‘नीट’ परीक्षा आली, तसे वजन महाविद्यालयाकडून खासगी शिकवण्यांकडे सरकले. लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडचे भाग्यनगर, बाबानगर हे भाग शिकवण्या, अभ्यासिका, वसतिगृहे आणि खाणावळींनी भरून गेले.

या व्यवस्थेतील विद्यार्थ्याचा दिवस जवळून पाहिला, तर दुसरा समज कसा घट्ट झाला ते कळते. दहावी झालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दोघा-तिघांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि पुस्तकांची रास एवढ्या जागेत राहू लागते. गाव जवळ असेल तर डबा सकाळच्या एसटीने येतो, नाही तर मेस लावलेली असते. पहाटे उठून अभ्यास, सकाळी महाविद्यालय किंवा ‘क्लास’, दुपारी पुन्हा ‘क्लास’, रात्री अभ्यासिका आणि आठवड्याला ‘टेस्ट’, तिचा ‘रँक’ भिंतीवर किंवा पालकांच्या मोबाइलवर. एक वर्ष हुकले तर ‘रिपीटर’ची तुकडी. असा दिवस निभावणाऱ्या मुलाला सर्वजण ‘मॅच्युअर’ म्हणतात, आणि नेमके येथेच बुद्धीचे काम मनाच्या नावावर जमा होते.

मेंदूच्या संशोधनाने गेल्या तीन दशकांत या समजाचे स्पष्ट खंडन केले आहे. कपाळामागे असलेला मेंदूचा अग्रभाग, म्हणजे आवेग आवरणे, परिणामांचा विचार करणे आणि अपयश पचवणे यांत मोठा वाटा असलेला भाग, विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. याउलट बक्षीस, स्तुती आणि अपमान यांना प्रतिसाद देणारी केंद्रे वयात येतानाच अतिशय संवेदनशील होतात. शांतपणे, एकट्याने विचार करायचा असेल तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाची तर्कशक्ती प्रौढाच्या जवळपास पोहोचलेली असते, परंतु भावना तापलेल्या असताना ती तशी चालत नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील वाहन चालवताना मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुले अधिक धोका पत्करतात, प्रौढांत मात्र तसा फरक पडत नाही, असे दिसले. म्हणजे भौतिकशास्त्राचे अवघड गणित सोडवणारा विद्यार्थी सर्वांसमोर घसरलेला रँक सोसू शकेलच असे नाही. झोपेविषयीही तसेच आहे. या वयात मेलॅटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे उशिरा झोप येणे आणि पहाटे डोळे न उघडणे यांत आळसापेक्षा शरीरक्रियेचा भाग मोठा असतो, आणि झोप कापून वाढवलेल्या अभ्यासातील बराचसा भाग स्मरणात टिकत नाही.

लहान वयात सोसलेले लवकर विसरले जाते, हा समज या प्रदेशात एका भीषण घटनेने कसोटीला लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. घरे, रस्ते आणि पाणी यांची उभारणी मोठ्या प्रमाणावर झाली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्यानंतर भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा जो अभ्यास झाला त्यातून नवीन भिंती उभ्या राहिल्याने मनावरचा आघात आपोआप बरा होत नाही, हे पुढे आले. रडत नाही म्हणून मुलगा सावरला, असे मानणाऱ्या समाजाला हा धडा महत्त्वाचा होता. पण तो आपत्तीपुरताच शिकला गेला आणि परीक्षेच्या ताणाला लागू केला गेला नाही.

एक परीक्षा आयुष्य ठरवते, हा समज खोडण्यासाठी नांदेडकरांना दूर जावे लागत नाही. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिले, दीर्घकाळ प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, उशिरा पदव्या घेतल्या आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य व महाराष्ट्रातील अग्रगण्य विचारवंत झाले. त्यांच्या विशीतील निकालावरून त्यांच्या बुद्धीविषयी किंवा भवितव्याविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष चुकीचा ठरला असता.

सर्वांत घातक गैरसमज आत्महत्येविषयीचा आहे. मुलाला त्याविषयी विचारले तर त्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, या भीतीने पालक आणि शिक्षक गप्प राहतात. प्रत्यक्षात संशोधनाचा कौल असा आहे की शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. शासनाची पावले या दिशेने उशिरा पण पडली आहेत. आधीचे चित्र उलट होते; २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणावरच बंदी आली होती. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने मानसिक आरोग्याला आपल्या उद्दिष्टांत स्थान दिले, आणि राज्यातील सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवण्यांत प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये आणि साप्ताहिक सुट्टी द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली.

लातूर-नांदेडने मराठवाड्यातील हजारो घरांत पहिला डॉक्टर आणि पहिला इंजिनिअर दिला, आणि हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ज्या समाजाने शरीर वाढले म्हणून मुलीला संसारात ढकलणे चूक होते हे कायद्याने मान्य केले, त्याच समाजाने बुद्धी चालते म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला एकट्याने सगळा ताण पेलण्यास सोडावे, यात विसंगती आहे. वयाला त्याचा वेळ देणे ही चैन नाही, ते शिक्षणाचेच काम आहे. म्हणून या दोन शहरांतील प्रत्येक महाविद्यालयाने, शिकवणीने आणि वसतिगृहाने सराव परीक्षेच्या वेळापत्रकाइतक्याच काटेकोरपणे झोप, सुट्टी आणि समुपदेशक यांची तरतूद करावी, आणि आईवडिलांनी फोनवर रँक विचारण्याआधी मूल जेवले का, झोपले का, आणि त्याला कसे वाटते आहे, हे विचारावे.