बेचाळीस मीटरवरचा आवाज

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून नर्मदा पुढे वाहत जाते, आणि काही मैलांवर तिलवाराघाट लागतो. त्याच्या परिसरात मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी होते. त्यांचे भाषण बंधू शरदचंद्रांनी वाचून दाखविले. नदीकाठच्या त्या जनसमुदायापर्यंत शब्द पोचविणे हे ध्वनिवर्धकाचे काम. परंतु ध्वनिवर्धकाला सभा लागते, आणि सभा मोडता येते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पुढारी पकडले गेले, सभांवर बंदी आली, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. आता सभेवाचून बोलावे कसे, हा प्रश्न मुंबईतील काही तरुणांपुढे उभा राहिला.

उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही ती मंडळी. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केले होते. तरीही नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने सुटे भाग जुळवून प्रक्षेपक उभा केला आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. लहर होती ४२.३४ मीटरची.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर यांच्या मेळातून विद्युत्प्रवाह ठराविक गतीने आंदोलू लागतो. ४२.३४ मीटरच्या लहरीसाठी ही आंदोलने सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार असावी लागतात. ऐकणारा आपल्या यंत्राची खुंटी फिरवितो, म्हणजे त्यातील कंडेन्सर कमीजास्त करतो. दोन्हीकडची गती जुळली की आवाज उमटतो. वेटोळ्याचे वेढे किंवा कंडेन्सर बदलला की लहर बदलते. यंत्रात असा फेरफार करणे जाणकाराला अवघड नाही.

पण येथेच खरी कोंडी होती. लहर रोज बदलावी, तर ऐकणाऱ्याला ती सापडणार कशी? एकच ठेवावी, तर तोच आकडा पोलिसांच्याही हाती लागणार. प्रक्षेपणाची दिशा शोधणारी यंत्रे सरकारजवळ होती. मुंबईतील तरुणांनी लहर कायम राखली आणि जागा बदलल्या. एका घरातून दुसऱ्या घरात यंत्र हलत राहिले. आकडा मात्र श्रोत्यांना दिलेल्या शब्दासारखा पाळला गेला.

शेवटी घात झाला तो यंत्रामुळे नव्हे, माणसामुळे. पोलिसांच्या हाती सापडलेल्या तंत्रज्ञाने ठिकाण दाखविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या सुटल्या.

हे केंद्र तीन महिनेही चालले नाही. पण ज्याला ऐकले जावयाचे आहे त्याला सापडण्याचा धोका पत्करावाच लागतो, हे ओळखून त्या तरुणांनी आपली लहर सोडली नाही.