एका सेकंदात तीन

टीव्हीच्या पडद्यावर उजेड किती वेळा लुकलुकावा, याला मर्यादा आहे: एका सेकंदात तीनदा, त्याहून जास्त नाही. हा आकडा आला ब्रिटनमधून. १९९३ साली तिथे झटपट नूडल्सची एक जाहिरात पाहताना तीन जणांना फिट आली. जाहिरात बंद झाली आणि बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या ग्रॅहम हार्डिंग यांच्या सल्ल्याने तिथल्या वाहिन्यांसाठी नियम आखले गेले.

जपानमध्ये असा नियम नव्हता. उलट तिथल्या कार्टूनवाल्यांचं एक आवडतं तंत्र होतं, 'पाका पाका'. स्फोट किंवा वीज दाखवायची, की दोन रंग भराभर आलटूनपालटून पडद्यावर फेकायचे. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी 'पोकेमॉन' या कार्टून मालिकेचा नवा भाग लागला होता. सहा वाजून एक्कावन्न मिनिटांच्या सुमारास त्यातल्या पिकाचू या पात्राने क्षेपणास्त्रांवर वीज सोडली आणि पडदा लाल-निळा, लाल-निळा होऊ लागला, सेकंदाला सुमारे बारा वेळा. हे चाललं जेमतेम चार-सहा सेकंद. तेवढ्यात देशभर मुलं कोसळली. कुणाला आकडी आली, कुणाला उलट्या झाल्या, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ६८५ मुलांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातल्या बहुतेकांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. आणि मन विषण्ण करणारी गोष्ट ही, की त्या रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवलं गेलं, त्यानेही आणखी मुलांना त्रास झाला.

मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं. एरवी तिथल्या पेशी आपापल्या वेळी काम करतात. लुकलुकणारा उजेड मात्र त्या सगळ्यांना एकाच ठेक्यावर आणतो, आणि ज्यांचा मेंदू याबाबत नाजूक असतो त्यांच्यात तो ठेका पसरून आकडी येते. गडद लाल रंग यात सर्वांत वाईट. लहान आणि वयात येणाऱ्या मुलांना धोका अधिक. खोलीत अंधार असेल आणि मूल पडद्याला नाक लावून बसलं असेल, तर तो आणखी वाढतो.

'पोकेमॉन' चार महिने बंद राहिलं. तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. एप्रिल १९९८ मध्ये जपानी वाहिन्यांनी ब्रिटनसारखेच नियम स्वीकारले. खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा, ही सूचना तिथल्या कार्टूनच्या सुरुवातीला झळकू लागली, ती तेव्हापासून. नियम चार वर्षांपूर्वीच उचलला असता, तर ती संध्याकाळ टळली असती, असं मला ठामपणे वाटतं.

हे नियम टीव्ही वाहिन्यांसाठी; मोबाइलवर कुणीही बनवून टाकलेला व्हिडिओ ते पाळतोच असं नाही. तेव्हा घरच्यांनीच एवढं करावं: पडदा लुकलुकू लागला आणि मुलाला कसंतरी व्हायला लागलं, तर नुसते डोळे मिटायला सांगू नका, एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. फिट आलीच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, वेळ पाहा आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.