टायर किती चालतो? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

टायरच्या दुकानात रोज विचारला जाणारा एक प्रश्न आज घेतलाय. "दादा, जास्त चालेल असा दाखवा." गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर हा प्रश्न जरा जास्तच कळकळीने विचारला जातो, कारण चार टायर एकदम घ्यायचे म्हणजे खिशाला खड्डा पडतो. आणि गाडीत बसणार घरचीच माणसं. दुकानदार एक आकडा सांगतो, पन्नास हजार किलोमीटर, साठ हजार, आणि आपण मान डोलावतो. पण हा आकडा येतो कुठून? आणि टायर "चालला" म्हणजे नेमकं काय झालं? गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यात माणसांचे जीव गेलेत.

सुरुवात फ्रान्समध्ये करू. ४ जून १९४६ रोजी मिशलिन कंपनीने एका टायरचं पेटंट नोंदवलं. कल्पना मारियस मिन्योल नावाच्या त्यांच्याच कर्मचाऱ्याची. तोपर्यंतचे टायर म्हणजे आपण ज्यांना साधे किंवा नायलॉनचे टायर म्हणतो ते. आतले धाग्यांचे थर तिरपे, एकावर एक उलट्या दिशेने घातलेले. गाडी चालली की टायरची बाजू दबते, सुटते. थर तिरपे असल्यामुळे बाजू हलली की वरची नक्षीही हलणार. म्हणजे टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, फिरता फिरता थोडा फरफटतोही. सैल चप्पल घालून चाललं की तळवा कसा लवकर झिजतो, तसंच. शिवाय आतले थर एकमेकांवर घासून तापतात ते वेगळंच.

मिन्योलच्या रचनेत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेले, आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा आला. आता बाजू हवी तेवढी लवचिक, पण नक्षी पट्ट्यावर ताठ बसलेली. हाच रेडियल टायर. १९४९ पासून तो 'मिशलिन एक्स' या नावाने बाजारात आला. सिट्रोएन ही मोटार कंपनी तेव्हा मिशलिनच्याच ताब्यात होती, त्यामुळे गाडीही घरची आणि टायरही घरचा. नवा टायर घालून बघायला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

आता अमेरिकेत जाऊ, कारण खरी गंमत तिथे झाली. तिथला तिरप्या थरांचा टायर साधारण वीस हजार किलोमीटर चालायचा. रेडियल त्याच्या तिप्पट. १९६६ मध्ये सिअर्स या दुकानांच्या साखळीने मिशलिनकडून रेडियल बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकायला काढले. ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर म्हणजे जगाची टायरची राजधानी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल, सगळे तिथले. त्यांच्यापुढे एक विचित्र संकट उभं राहिलं. रेडियल बनवायला नवी यंत्रं लागणार, भांडवल ओतावं लागणार, आणि एवढं सगळं करून मिळणार काय? तर गिऱ्हाईक तिप्पट उशिरा दुकानात येणार! मला वाटतं धंद्याच्या इतिहासात अशी पेचाची उदाहरणं फार थोडी असतील.

त्यांनी आधी मधला मार्ग काढला. १९६७ च्या सुमारास गुडइयरने तिरपे थर तसेच ठेवून वर पट्टा घातलेला टायर आणला. जुन्याच यंत्रांवर बनायचा. पण १९७० मध्ये फोर्डच्या लिंकन काँटिनेंटल मार्क ३ ला कारखान्यातूनच रेडियल लागले, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि रेडियल इंधनही वाचवतो म्हटल्यावर वाद संपला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ॲक्रनचे कारखाने एकेक करून बंद पडले. फायरस्टोन १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली आणि १९९० मध्ये गुडरिचचा टायरधंदा चक्क मिशलिनकडे. आपल्याकडे रेडियलची सुरुवात जेके टायरने १९७७ मध्ये केली. पण खड्डे आणि ओव्हरलोडिंग यांच्यापुढे साधा टायरच बरा, असं आपले ट्रकवाले पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

घाईची किंमतही मोजावी लागली. फायरस्टोनच्या '५००' या रेडियलमध्ये पोलाद आणि रबर एकमेकांना धड चिकटत नव्हतं. १९७८ मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले.

याच काळात तो आकडा जन्माला आला. अमेरिकन सरकारने टायरवर प्रत छापणं सक्तीचं केलं. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाभोवती सुमारे ६४० किलोमीटरचा रस्ता ठरवला. त्यावर गाड्यांचा ताफा एकूण ११,५०० किलोमीटर पळवायचा, नक्षी किती उतरली ते मोजायचं, आणि प्रमाण टायरला १०० धरून आपला आकडा काढायचा. तुमच्या टायरच्या बाजूला 'ट्रेडवेअर ४००' असं काही असेल तर ते हेच. मात्र आकडा शेवटी कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो ठीक, दोन कंपन्यांची तुलना करायला कच्चा. सरकारलाही तो इतका बेभरवशाचा वाटला की १९८३ मध्ये त्यांनी तो स्थगितच केला. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि कोर्टाने तो परत आणला. आणखी एक, खोल नक्षीच्या टायरांना हा नियमच लागू नाही. तेव्हा एखाद्या दणकट ऑल-टेरेन टायरवर आकडा दिसला नाही तर घाबरू नका.

आता येऊ घरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीकडे. १९९० मध्ये फोर्डने एक्सप्लोरर आणली. मुलंबाळं, सामान, हवी तर चारही चाकांना ताकद. तुफान खपली. तिला फायरस्टोनचे टायर होते आणि दाराच्या स्टिकरवर हवा लिहिली होती २६. उद्देश हा की गाडी मऊ चालावी, उलटू नये. पण हवा कमी म्हणजे बाजू जास्त दबणार, जास्त तापणार. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उन्हाच्या राज्यांत भरल्या गाडीखाली, भर वेगात, टायरांची नक्षी पट्ट्यासकट सोलून निघू लागली आणि उंच गाड्या उलटल्या. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. सरकारी मोजणीनुसार २७१ माणसं गेली. फोर्ड म्हणे दोष टायरचा, फायरस्टोन म्हणे गाडीचा. शेवटी २००१ मध्ये शतकभराचं नातं तुटलं. हे टायर झिजून संपलेले नव्हते, हे मात्र लक्षात घ्या. मारलं ते उष्णतेने. आज नव्या गाड्यांत हवा कमी झाली की जो दिवा लागतो, त्याची अमेरिकेतली सक्ती या प्रकरणातूनच आली.

म्हणून मी तरी आकड्याच्या शेजारची दोन अक्षरं आधी वाचतो. एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं, 'एए' सगळ्यात वर. दुसरं उष्णतेचं, तिथे 'ए' हवा. रबर कडक केलं की टिकतं, पण पावसात घाटात ब्रेक दाबल्यावर तेच रबर सरकतं. १९९२ मध्ये मिशलिनने काळ्या कार्बनच्या जागी बराचसा सिलिका घालून ही ओढाताण कमी केली, संपवली नाही.

आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा स्वतःचा एक हिशेब आहे. जुन्या जीपला, आजच्या थारला किंवा जिम्नीलाही, डांबरावर मागच्या दोनच चाकांवर चालवायचं असतं. १९७० च्या रेंज रोव्हरने मात्र मध्ये डिफरन्शियल देऊन चारही चाकं कायम जोडली. हल्लीच्या बऱ्याच कौटुंबिक गाड्यांत तिथे क्लच असतो. आता समजा पुढे दोन नवे टायर घातले, नक्षी ८ मिलिमीटर, मागे जुने, ४ मिलिमीटर. फरक चारचाच, पण घेरात तो २५ मिलिमीटर होतो. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे पाच फेरे जास्त घेणार, सरळ रस्त्यावरसुद्धा. हा फरक त्या क्लचने गिळायचा, दिवसभर. सुबारू तर घेरात ६ मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही म्हणते, म्हणजे नक्षीत जेमतेम एक मिलिमीटर. तेव्हा अशा गाडीत "सध्या दोनच बदलू" ही काटकसर महागात पडते. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या, आणि आठ-दहा हजारांवर जागा बदलून घ्या म्हणजे सगळे एकदम म्हातारे होतील. नव्वद टक्के डांबरावरच चालणार असाल तर रस्त्याचे एचटी टायर घ्या. ऑल-टेरेनचे सुटे सुटे गट्टू डांबरावर वळवळतात आणि लवकर उतरतात. हा तोच फरफटण्याचा जुना आजार.

दुकानात पैसे देण्याआधी टायरवरचे डीओटीचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांवर वाचा, आतल्या बाजूला असेल तर वाकून वाचा. दुकानदार हसला तर हसू दे.