सोऱ्याच्या ढिगापासून मत्स्यतळ्यापर्यंत

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात; उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. तळ्यातले काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. खालच्या, प्राणवायू नसलेल्या गाळातले आणखी काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. मत्स्यपालनाने ही जैविक साखळी कामाला जुंपली. पण तिची ओळख आधी पटली ती बंदुकीच्या दारूमुळे.

दारूला सोरा लागे आणि सोरा म्हणजे नायट्रेटच. युरोपात त्यासाठी शेण, मूत्र, माती आणि चुना किंवा राख यांचे ढीग रचून ते ओले ठेवत. बिहारात ढिगांचीही गरज नव्हती. वस्तीलगतच्या मातीवर सोरा फुटे आणि नोनिया लोक तो खरवडून घेत.

हा सोरा रासायनिक क्रियेने होतो की सजीवांमुळे, हा वाद 1877मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी निकालात काढला. वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून ते सांडपाणी सोडत राहिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडला, मग नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ दिल्यावर काम थांबले. मातीचे धुवण ओतल्यावर पुन्हा चालू झाले. निव्वळ रसायनाला अशी गुंगी येत नाही. मत्स्यपालनात याच जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणारी नवी जैवगाळणीही कामाला लागायला असेच काही आठवडे घेते.

या गाळणीचे मूळ सांडपाणी शुद्धीकरणात आहे, असे सहसा सांगतात. रचनेपुरते ते खरे. पण चुना त्याहून जुन्या नात्याकडे बोट दाखवतो. नायट्रेट होताना आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. ढीग रचणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसूनही ते चुना घालत. तळ्यात चुना पडतो तो मातीची आम्लता घालवायला, पण या जिवाणूंचेही त्यावर भागते.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीने 1890च्या सुमारास हे जिवाणू वेगळे केले आणि दोन टप्प्यांचे दोन मानकरी, हा नियम रूढ झाला. तो 2015मध्ये मोडला. दोन्ही टप्पे एकटा पार पाडणारा नायट्रोस्पायरा जिवाणू शास्त्रज्ञांच्या दोन गटांना एकाच वेळी सापडला: एकाला रशियातल्या खोल विहिरीच्या गरम पाण्याच्या नळीत, तर नेदरलँड्समधल्या गटाला मत्स्यपालनाच्या पाणी फिरवणाऱ्या यंत्रणेतील गाळणीत.