मळवलीचा शिळाछाप व राजा रविवर्मा यांचें कलाप्रयोजन

मावळ प्रांतांत मळवली हें एक लहानसें रेल्वे स्टेशन आहे. त्याच्या उत्तरेच्या डोंगरांत कार्ल्याचें चैत्यगृह असून दक्षिणेस भाज्याचीं लेणीं आहेत. इतिहासाचे अभ्यासक तेथें उतरतात ते बहुधा या लेण्यांतील ब्राह्मी लेखांसाठीं. परंतु ज्या मळवलीस शिळेवर कोरलेल्या अक्षरांचा इतका मोठा वारसा लाभला आहे, त्याच मळवलीस शिळेवरून उमटविलेल्या चित्रांचाही एक इतिहास घडला आहे. व त्याकडे आपल्या वर्गाचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. राजा रविवर्मा यांचा छापखाना सन १८९९ मध्यें मुंबईहून येथें आला. त्याच्या नफ्यातोट्याची हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे. प्रस्तुत लेखांतील प्रश्न निराळा आहे. चित्र कशासाठीं काढावयाचें, या प्रश्नास या चित्रकारानें कोणतें उत्तर दिलें, आणि तें उत्तर मळवलीस कितपत टिकलें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

रविवर्मा यांनीं कलाशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांचे धाकटे बंधु व सहकारी चित्रकार सी. राजराजवर्मा यांची इंग्रजी दैनंदिनी छापून प्रसिद्ध झाली आहे. तींत प्रवास, गिऱ्हाइकें व नित्याचें काम यांचा वृत्तांत आहे, शास्त्रचर्चा नव्हे. तेव्हां त्यांचें मत त्यांच्या कृतींवरूनच काढलें पाहिजे. शिष्टांच्या आचारावरून मूळ श्रुतीचें अनुमान करण्याची मीमांसकांची रीत आहे. तीच येथें उपयोगी पडेल.

रविवर्मा यांचा जन्म त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें २९ एप्रिल १८४८ रोजीं झाला व मृत्यु त्याच गांवीं २ ऑक्टोबर १९०६ रोजीं झाला. घरीं मामांकडून तंजावरी पद्धतीचे पहिले धडे मिळाले. तैलरंगाची विद्या त्यांनीं दरबारांत आलेल्या थिओडोर जेन्सन या पाश्चात्य चित्रकाराचें काम पाहून आणि स्वतःच्या खटपटीनें संपादिली. सन १८७३ त व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत त्यांचा गौरव झाला व सन १८९३ त शिकागो येथेंही त्यांस पदकें मिळालीं. यावरून यश आणि अर्थ हीं दोन्ही त्यांस प्रेस काढण्यापूर्वींच प्राप्त होतीं, हें ध्यानांत ठेवावें. जो मनुष्य केवळ त्यांसाठींच रंगवितो त्यास राजवाड्याबाहेर पडण्याचें कारण नव्हतें.

त्यांच्या कृतींतून तीन सिद्धान्त निष्पन्न होतात असें आमचें मत आहे.

पहिला विषयासंबंधीं. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यासाठीं पुराणेतिहासांतील चौदा चित्रें काढण्याचें काम सन १८८८ त त्यांच्याकडे आलें. तीं चित्रें काढण्यापूर्वीं त्यांनीं वेषभूषेच्या शोधार्थ उत्तर हिंदुस्थानांत प्रवास केला. प्रांतोप्रांतींचा पेहराव निराळा, असें पाहून पुढें पुष्कळ नायिकांस त्यांनीं साडीच नेसविली, व त्या नेसण्यांत महाराष्ट्राची छाया वारंवार दिसते. मल्याळी चित्रकारानें गुजराथेंतील मराठा राजासाठीं महाभारतांतील स्त्रीस दक्षिणी वेष द्यावा, यांत एक विचार आहे. सर्व प्रांतांचें सामाईक धन म्हणजे पुराण. म्हणून चित्राचा विषयही सर्वांनीं ओळखावा असा असावा.

दुसरा सिद्धान्त सादृश्याचा. वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य व वर्णिकाभंग. रविवर्मा यांनीं यांतील सादृश्यास अग्रस्थान दिलें. देवता ही मनुष्यासारखी मांसल, छायाप्रकाशांत उभी, अशी दिसली म्हणजे पाहणाराची भक्ति तिच्याशीं सहज जडते, हें त्यामागील तत्त्व. हें तत्त्व पूर्वींच्या शिल्पकारांनीं मानलें नव्हतें. त्यांच्या मूर्ति ध्यानश्लोकास अनुसरून घडत, मनुष्यास अनुसरून नव्हे.

तिसरा सिद्धान्त सर्वांत महत्त्वाचा, आणि मळवलीचा संबंध त्याच्याशींच आहे. सर टी. माधवराव यांनीं सन १८८४ त रविवर्मा यांस पत्र लिहून सुचविलें कीं, एका हातानें सर्वांची मागणी पुरी होणें शक्य नाहीं. म्हणून निवडक चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्या, म्हणजे देशाची सेवा होईल. सूचना दुसऱ्याची, हें खरें. परंतु दहा वर्षांनीं ती अमलांत आणतांना रविवर्मा यांनीं चित्रें युरोपांत पाठविलीं नाहींत. यंत्रें व जर्मन कारागीर येथें आणून सन १८९४ त मुंबईस गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारींत स्वतःचा छापखाना काढला. पहिलें छापलेलें चित्र शकुंतलाजन्माचें होतें असें सांगतात. एकच एक असणें हें चित्राचें भूषण मानण्याच्या काळांत, अनेक होणें हेंच त्याचें सार्थक, असें मानणारा हा चित्रकार होता.

संस्कृतज्ञांस ही कल्पना अपरिचित वाटूं नये. भरतानें नाट्यशास्त्राच्या आरंभीं नाट्यास सार्ववर्णिक असा पांचवा वेद म्हटलें आहे. कारण पहिले चार ज्यांच्या कानीं पडत नसत त्यांच्यासाठीं तो निर्माण झाला. रविवर्मा यांच्या काळीं अनेक जातींस देवळाचा उंबरठा ओलांडतां येत नव्हता. खुद्द त्रावणकोरांत मंदिरप्रवेशाची घोषणा सन १९३६ त, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनीं झाली. तोंपर्यंत छापील लक्ष्मी व सरस्वती कोणाचीही जात न विचारतां घरोघरीं भिंतीवर बसल्या होत्या. मम्मटानें काव्याचीं जीं सहा प्रयोजनें गणलीं त्यांत कांतेप्रमाणें गोडीनें केलेला उपदेश हें एक आहे. अक्षरशत्रूंच्या देशांत तें काम पोथीपेक्षां पटानें अधिक केलें.

आतां मळवलीकडे वळूं. मुंबईंत सन १८९६ पासून प्लेगाचा कहर चालू होता. कामगार शहर सोडून जात होते. घाटमाथ्यावरील हवा, इंद्रायणीचें खोरें व मुंबई-पुणें लोहमार्ग यांमुळें ही जागा सोईची होती. येथें चालणारी विद्या पोथीसंग्राहकांस सर्वस्वी नवी नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं सन १८३१ त ज्या शिळाछापावर पंचांग काढलें, व ज्या शिळाछापाच्या पोथ्या आपल्या संग्रहांत आहेत, त्याच तत्त्वाचा हा विस्तार. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध द्रव्यानें रेखाटावें, शिळा पाण्यानें भिजवावी. मग शाई रेखाटलेल्या जागींच धरते, ओल्या जागीं धरत नाहीं. पोथीस एक शिळा पुरे. रंगीत चित्रास एकेका रंगाची निराळी, आणि उत्तम प्रतीच्या चित्रास अशा दहाहून अधिक. प्रत्येक वेळीं कागद अगदीं पहिल्या जागेवर बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीच्या ओठाचा रंग हनुवटीवर येतो. शेवटीं तैलचित्राची झांक यावी म्हणून वरून रोगण देत.

येथें सिद्धान्ताची खरी कसोटी लागली. रविवर्मा यांचें मूळ चित्र व शिळा यांच्यामध्यें दुसरा एक कारागीर उभा होता. एका अखंड छटेचे दहा तुकडे कोठें पाडावयाचे, हें तो ठरवी. सादृश्य हें ज्या चित्राचें प्राण, त्याचें सादृश्य परक्या हातीं गेलें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकट येथील सामी नांवाच्या सुताराचें नांव दारावरील कामासाठीं कोरलेलें आहे; वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचेंही आहे; एकेका खांबाच्या दात्याचेंही आहे. तेथून हाकेच्या अंतरावर ज्यांनीं लाखो घरांतील लक्ष्मीचा चेहरा शिळेवर उतरविला, त्यांचीं नांवें छापील चित्रांवर नाहींत. सर्वांवर नांव एकच: रविवर्मा.

छापखाना कर्जांत बुडाला, व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. हें वर्ष कोठें १९०१, कोठें १९०३ असें दिलें जातें. रविवर्मा यांचा संबंध तुटला, पण नांव छापखान्याबरोबर गेलें. पुढें इतर चित्रकारांचीं चित्रें, दिनदर्शिका व व्यापारी जाहिराती याच नांवाखालीं निघाल्या. सरस्वती मालाच्या वेष्टनावर आली. सर्वांपर्यंत जावें हा सिद्धान्त पूर्णतेस गेला, आणि त्याच वेळीं उपदेश हें प्रयोजन मागें पडून अर्थ पुढें आला. सन १९७२ त आगीनें छापखान्याचा शेवट झाला.

टीकाकारांनीं याचा दोष मूळ चित्रकारावर टाकला. सन १९०७ च्या सुमारास आनंद कुमारस्वामी यांनीं त्यांची कला नाटकी ठरविली, आणि भगिनी निवेदिता यांनीं भूमीवर पहुडून पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेच्या चित्रास असभ्य म्हटलें. उत्तर देण्यास चित्रकार हयात नव्हता. या दुसऱ्या आक्षेपापुरतें संस्कृतज्ञानें बोललें पाहिजे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत नायिका शिलापट्टावरील पुष्पशय्येवर पहुडलेली आहे, सखी जवळ आहेत, व कमलपत्रावर नखानें ती पत्र लिहिते. आसन कालिदासाचें आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो आसनावर नव्हे, सादृश्यावर घ्यावा लागेल: कवीची शकुंतला वाचकाच्या मनांत निराळी उभी राहते, चित्राची शकुंतला शेजारच्या घरांतील स्त्रीसारखी दिसते. कुमारस्वामींचा आक्षेप याहून खोल आहे, आणि आमच्या मतें अंशतः खराही. ध्यानांतून येणारी मूर्ति व नमुना समोर बसवून काढलेली मूर्ति यांत भेद आहे. परंतु जी मूर्ति सर्वांच्या घरीं पोंचत नाहीं तिचें ध्यान किती जणांनीं करावें, हा प्रश्न त्यांनीं अनुत्तरित ठेवला.

त्याचें उत्तर याच खोऱ्यांत काम केलेल्या एका माणसानें दिलें. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं रविवर्मा छापखान्यांत प्रकाशशिळामुद्रणाचें काम केलें, पुढें लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला, आणि सन १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. विषय पुराणांतला, रूप मनुष्यासारखें, प्रती अनेक: रविवर्मा यांचे तिन्ही सिद्धान्त तेथें जसेच्या तसे दिसतात. फाळके यांनीं तर ‘नवयुग’ मासिकांत लेख लिहून आपला हेतु स्वतःच मांडला. गुरूनें जें कृतींत ठेवलें तें शिष्यपरंपरेंत शब्दांत आलें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. जुन्या वाड्याची आवराआवर होतांना पोथ्या जपून ठेवल्या जातात, व भिंतीवरील चौकटी कांचेच्या भावानें जातात. तसें होऊं देऊं नये. चित्राच्या खालच्या कडेस छापखान्याचें नांव असतें. कोठें मुंबईचें, कोठें कार्लें-लोणावळ्याचें अथवा मळवलीचें. ती कडा कापून चौकट बसविणें म्हणजे पोथीची पुष्पिका फाडण्यासारखें आहे. स्थलनामावरून चित्र मुंबईच्या काळांतील कीं मावळांतील, याचा पहिला अंदाज येतो. तो मूळ चित्राशीं ताडून पाहिला म्हणजे रविवर्मा यांचें किती व पुढच्या धन्याचें किती, हें निवडतां येतें. एका नांवाखालीं मिसळलेलीं दोन प्रयोजनें वेगळीं करण्यास दुसरें साधन आतां मळवलीस उरलेलें नाहीं. आहे तें आपल्या घरांतील भिंतींवरच आहे.