वर्षावास आणि वैनगंगेचे खोरे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे गाव तुमसरहून सिहोऱ्यावरून मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राज्याच्या सीमेलगत वसलेले असून, हा सारा टापू वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बावनथडीच्या पाण्यावर पोसलेल्या धानपट्ट्याचा आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे महाराष्ट्रात उतरणारी वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते आणि त्या संगमानंतर प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळणारा पाऊस येथील शेतीचा जसा आधार आहे, तसाच तो येथील दळणवळणाचा जुना अडथळाही आहे. नद्यांना पूर येतो, बांध्यांमध्ये म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या खाचरांमध्ये रोवणी सुरू होते, आणि पायी चालणाऱ्याला दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांखेरीज वाट उरत नाही. या खोऱ्यातील व त्याच्या शेजारच्या प्रदेशातील विहार, स्तूप आणि मठ यांच्या अवशेषांचा विचार करताना ही पावसाळी भूमी प्रथम ध्यानात घ्यावी लागते, कारण भारतातील भिक्षूंचे स्थिर निवासस्थान ही संस्था मुळात पावसाळ्यातूनच जन्माला आली आहे.

बौद्ध संघाच्या आरंभकाळी भिक्षूने घर सोडून सतत फिरत राहावे, भिक्षेवर निर्वाह करावा आणि झाडाखाली किंवा गुहेत रात्र काढावी, अशी अपेक्षा होती. विनयपिटकात, म्हणजे संघाचे आचारनियम सांगणाऱ्या ग्रंथसमूहात, अशी हकिकत येते की भिक्षू भर पावसातही हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहण्याचा नियम घालून दिला. यालाच वर्षावास म्हणतात. तीन महिन्यांसाठी उभारलेला आडोसा कालांतराने पक्का झाला, त्याला दाते मिळाले, त्यात धान्य साठू लागले, आणि वर्षातून एकदा वापरायची जागा वर्षभराचा विहार होऊन बसली. ज्या मुलखात पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे, म्हणजे धानाच्या रोपांसाठीचे बियाणे, टाकले जातात आणि महिन्याभरात प्रत्येक बांधी कोवळ्या रोपांनी भरून जाते, तेथील शेतकऱ्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही.

वैनगंगेच्या काठी या संस्थेची सर्वांत मोठी खूण पवनी येथे आहे. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील या तालुक्याच्या गावाला एकेकाळी मातीचा भव्य तट आणि त्याबाहेर खंदक होता व त्याचे अवशेष आजही दिसतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडी व चांडकापूर या ठिकाणी मातीच्या उंचवट्यांखाली दडलेले प्रचंड स्तूप उजेडात आले. स्तूप म्हणजे बुद्धांच्या किंवा थोर भिक्षूंच्या अवशेषांवर अथवा स्मृतीप्रीत्यर्थ रचलेला अर्धगोलाकार ढिगारा. पवनीच्या या स्तूपांचा व्यास चाळीस मीटरच्या आसपास, म्हणजे सांचीच्या प्रसिद्ध स्तूपाहूनही थोडा अधिक आहे. ज्या टेकडीला लोक जगन्नाथाच्या देवळामुळे ओळखत आले, तिच्या पोटात मौर्य आणि सातवाहन काळातील बांधकामाचे थर होते. ही गोष्ट विदर्भाच्या इतिहासात फार मोलाची आहे, कारण पश्चिम महाराष्ट्रात बौद्ध धर्माचा पुरावा सह्याद्रीच्या कातळात कोरलेला असल्याने तो सहज टिकला व नजरेत भरला, तर पूर्व विदर्भातील पुरावा माती, विटा आणि सुट्या दगडांचा असल्याने तो नांगराखाली व वस्तीखाली गेला.

स्तूपाभोवती प्रदक्षिणेची वाट असे आणि तिच्या बाहेर दगडी कठडा उभारला जाई. त्या कठड्याचे उभे खांब, खांबांना जोडणारे आडवे दांडे म्हणजे सूची, आणि वरून बसवलेली उष्णीष नावाची शिळा, असे त्याचे भाग असत. पवनीच्या कठड्यांवर बोधिवृक्ष, स्तूपपूजा अशी शिल्पे असून, बुद्धांवर पावसात फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प त्याच्या नावासह कोरलेले आहे. पुराच्या नदीकाठी ज्या कलावंताने अनेक प्रसंगांतून हा प्रसंग निवडला, त्याच्या निवडीत त्या भूमीचा अनुभव उतरला असावा असे मानण्यास जागा आहे. खांबांवर आणि सूचींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत दात्यांची नावे आहेत. नाग नावाच्या एका दात्याला तेथे ‘पंचनैकायिक’, म्हणजे पाचही निकाय जाणणारा असे म्हटले आहे. निकाय म्हणजे बुद्धवचनांचे संग्रह, आणि ते सर्व मुखोद्गत असलेला विद्वान ज्या स्थळाशी संबंधित होता तेथे अध्ययन-अध्यापनाची परंपरा होती हे उघड आहे. केवळ पूजेसाठी उभारलेल्या ढिगाऱ्याभोवती असे बिरुद निपजत नाही. कठड्याचा एक एक भाग वेगवेगळ्या व्यक्तीने दिलेला असल्याने हे बांधकाम एखाद्या राजाच्या आज्ञेपेक्षा अनेकांच्या वर्गणीतून उभे राहिले, हीही या लेखांतून मिळणारी माहिती मोठ्या अभिलेखांइतकीच महत्त्वाची आहे. भार वंशाच्या भगदत्त राजाचा लेख आणि रुपिअम्म या महाक्षत्रपाच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ, म्हणजे मृताच्या प्रतिमेचा खांब, हेही पवनीचेच असून, त्यांवरून या नगराचे राजकीय महत्त्व स्पष्ट होते. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी येथे पुन्हा उत्खनन केले.

इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पुढचा पुरावा खोऱ्याच्या दोन बाजूंना सापडतो. पश्चिमेला रामटेकजवळच्या मनसर येथील हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून झालेल्या उत्खननांत विटांची विस्तीर्ण वास्तू मिळाली. तिला बोधिसत्त्व नागार्जुनाच्या विहाराशी जोडणारे मत उत्खनकांनी मांडले. त्याला आधार आहे तो चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगच्या वृत्तान्ताचा, ज्यात त्याने कोसल, म्हणजे दक्षिण कोसल, देशात सुमारे शंभर संघाराम म्हणजे विहार आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्षू असल्याचे आणि सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगरात विहार कोरवल्याचे नमूद केले आहे. तथापि टेकडीवर ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेल्या मुद्रा सापडल्यामुळे संशोधक हान्स बाकर यांनी हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे शिवालय आणि परिसर म्हणजे त्याची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादन केले, आणि मुख्य वास्तूपुरते तरी हे मत अधिक सबळ आहे, कारण ते वास्तूतच सापडलेल्या अक्षरांवर उभे आहे. पूर्वेला महानदीकाठी छत्तीसगढमधील सिरपूर येथे मात्र शंकेला जागा नाही. मो. गं. दीक्षित यांनी १९५०च्या दशकात तेथे विटांचे विहार उकरून काढले; त्यांतील एक महाशिवगुप्त बालार्जुन या शैव राजाच्या काळात भिक्षू आनंदप्रभू याने बांधविला होता आणि त्याच्या शिलालेखात भिक्षूंसाठी सत्राची, म्हणजे विनामूल्य अन्नदानाची तरतूद नोंदलेली आहे. मधला चौक, भोवतीच्या खोल्या आणि समोर बुद्धमूर्तीचे गर्भगृह अशी त्याची रचना असून, भिक्षापात्र घेऊन दारोदार जाणाऱ्या भिक्षूच्या जागी एका छपराखाली जेवणारा संघ कसा आला, हे त्या विटांवरून आणि त्या लेखावरून एकत्रच वाचता येते.

भंडारा प्रदेशातील संन्यासाचा पुढचा अध्याय तेराव्या शतकात लिहिला गेला, आणि तो नेमका उलट दिशेचा होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी आपल्या भ्रमंतीत भंडाऱ्यास आले असताना नीळभट्ट भांडारेकार त्यांचे अनुयायी झाले, असे म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास रिद्धपूर येथे सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’वरून समजते. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहण्यास सांगितले, परंतु घर, मठ किंवा गाव यांपैकी कशाशीही बांधून घेऊ दिले नाही. देशाच्या शेवटाला, झाडाखाली आयुष्य घालवावे आणि नित्य अटन म्हणजे रोजचे भ्रमण करावे, हा त्यांचा आचारधर्म होता. बौद्ध संघ ज्या आदर्शापासून आरंभ करून विहारांपर्यंत पोहोचला, त्याच आदर्शाची ही पुन्हा केलेली मांडणी होती. चक्रधरांनंतर पंथ वाढला, शिष्यपरंपरांच्या शाखा झाल्या, पोथ्यांचे जतन करण्यासाठी सांकेतिक लिप्या वापरात आल्या, आणि पोथ्या पावसापासून राखायच्या तर छप्पर लागते, त्यामुळे अटन सांगणाऱ्या या पंथाचेही मठ उभे राहिले व त्यांतील अनेक आजही नांदते आहेत.